घरी वाचायचा धडा

विज्ञानात लाज नसते, असं खटावकर सर तीस वर्षं दहावीच्या वर्गाला ठणकावून सांगत आले. पण शिश्नाची पुढची कातडी लाल होऊन चुरचुरायला लागली, तेव्हा महिनाभर ते बायकोजवळही बोलले नाहीत. शेवटी कॅन्सरच्या भीतीने एसटी पकडून दोन तालुके ओलांडले आणि केसपेपरवर खोटं नाव लिहिलं.

तपासता तपासता डॉक्टरने मान वर केली. "सर, तुम्ही? मी शेवाळे, दहावी ब!" तो पाया पडायला वाकला. विजार घोट्यांशी गोळा झाल्यामुळे त्याला पाय शोधावे लागले.

"कॅन्सर वगैरे काही नाही. धुता कशाने?"

"जंतुनाशक साबणाने. दिवसातून चारदा, खसाखसा."

"सर, ती जागा नाजूक असते! कातडी हलकेच मागे घेऊन नुसतं कोमट पाणी, बस्स. सूज आली, कातडी अडकली, तर लगेच या. आणि शुगर तपासून घ्या."

"मला हे कुणी सांगितलंच नाही रे."

"आम्हालाही नाही. प्रजननाचा धडा तुम्ही घरी वाचायला सांगायचात."

घरी येऊन सरांनी तो धडा पहिल्यांदाच वाचला. त्यात कातडीचा उल्लेखच नव्हता.