गाळलेला आवाज

निजसुरे साहेबांच्या शोकसभेत कंपनीचा इतिहास सांगायला चिंतामणराव उभे राहिले. मिरजेतल्या एका गॅरेजात साहेब आणि ते, दोघांनी मिळून कंपनीचा पहिला माइक जुळवला होता. ते सांगताना त्यांना रडू आवरेना. हुंदके देत देतच त्यांनी भाषण पुरं केलं.

घरी पोहोचतात न पोहोचतात तोच साहेबांच्या पत्नीचा, सुलभावहिनींचा फोन आला. त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यामुळे त्यांनी सभा घरूनच फोनवर ऐकली होती.

"भावजी, चाळीस वर्षांची सोबत होती तुमची. आवाज जरासुद्धा कापला नाही?"

चिंतामणरावांना ती जुनी यादी आठवली. माइकने कोणते आवाज गाळायचे, ती यादी त्यांनीच केली होती. खोकला, उचकी, कापरा स्वर, पंख्याची घरघर. शेवटी त्यांनी हुंदका लिहिला, तेव्हा साहेब म्हणाले होते, "हा राहू दे की." पण चिंतामणरावांना आवाज स्वच्छ हवा होता. आता जगातल्या प्रत्येक फोनमध्ये तोच माइक होता.

"वहिनी, मी रडत होतो हो," ते ढसाढसा रडत म्हणाले.

"बातम्या वाचल्यासारखं सांगताय," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.