फुलाबाईनं मिळवलेली तार

फुलाबाईनं खुंटी पिळली तशी तुणतुण्याची तार केकाटली. तिनं दचकून हात काढून घेतला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण धूळ पुसण्यापलीकडं तिनं या तुणतुण्याला कधी हात लावला नव्हता.

"लई पिळलीस," महिपती म्हणाला. आजकाल तो साधं बोलायचा तेही हाळी दिल्यासारखं. "पार ढिली कर आन मग खालनं वर ये. वरनं खाली आणलेली तार टिकत न्हाय, वाजवता वाजवता घसरती. खुंटी आत दाबून धर आन मग फिरव."

शेळगावात पाटाचं पाणी आलं, तसा त्याच्यामागनं हिवतापही आला. दिवाळीनंतर त्यानं महिपतीला धरलं. लग्नसराईच्या आत बरं व्हायचं म्हणून महिपतीनं दवाखान्यातल्या कोयनेलच्या कडू गोळ्या सांगितल्याच्या दुप्पट घेतल्या. ताप गेला. कानात मात्र किर्र आवाज सुरू झाला तो थांबेना, आणि बाहेरचं नीट ऐकू येईना. महिना होत आला होता. ही गोष्ट नवराबायको दोघांनाच ठाऊक होती.

आज लासुर्ण्याला आबासाहेबांच्या घरी लग्नाचा गोंधळ होता. महिपती गाणार, मुलगा भिमा संबळ वाजवणार आणि चुलतभाऊ कुंडलिक तुणतुणं धरणार. पण तार लावून द्यायची ती नाईकानं, म्हणजे मुख्य गाणाऱ्यानंच, ही त्यांच्यातली रीत. भिमा सकाळीच पुढं गेला होता. कुंडलिक गाडी घेऊन यायच्या आत तार लागायला हवी होती.

"मला न्हाय कळायचं यातलं," फुलाबाई म्हणाली.

महिपतीला ते ऐकू गेलं नाही, पण काय म्हणाली असेल ते त्यानं ओळखलं. "जात्यावर कवा सूर सोडलास का तू? मी आवाज लावतो, तू तार छेड. दोनी येगळं असलं की मधी थरथर ऐकू येती. जवळ आलं की मंदावती. थांबली की मिळालं."

त्यानं आवाज लावला. तिनं तार छेडली, खुंटी फिरवली, पुन्हा छेडली. आधी काहीच कळेना. मग हळूच ती थरथर ऐकू आली. घागर डोक्यावर घेऊन चालताना आत पाणी डचमळतं तशी. तिनं खुंटी केसभर फिरवली. थरथर संथ झाली. आणखी केसभर, आणि ती थांबलीच. तार कुठली आणि नवऱ्याचा आवाज कुठला, ते तिला वेगळं काढता येईना. तिच्या अंगावर काटा आला.

तिनं मान डोलावली. महिन्याभरात पहिल्यांदा महिपती हसला.

"छेडत ऱ्हा," म्हणून त्यानं डोळे मिटले आणि देवीच्या आवतनाचं पद सुरू केलं. पहिल्या दोन ओळी तारेला धरून गेल्या. तिसऱ्या ओळीला तो वर चढला आणि परत आला तो आपल्या जागेवर आलाच नाही. थरथर पुन्हा सुरू झाली. फुलाबाईला वाटलं, तार घसरली. तिनं कान लावून ऐकलं. तार होती तिथंच होती. महिपती डोळे मिटून, हात हलवत, रंगून गात होता आणि ओळीओळीला खाली खाली जात होता.

पद संपलं. "जमलं?"

"तार जमली," तिनं मोठ्यानं सांगितलं.

"आन मी?"

तिनं तुणतुणं मांडीवरनं खाली ठेवलं. व्हय म्हणणं सोपं होतं. पण रात्री लासुर्ण्यात चौकाभोवती शंभर माणूस बसणार होतं, आणि त्यांना कान होते.

"दोन वळी बराबर व्हता. मग घसरला."

"किती?"

तिनं अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवून दाखवला. महिपती त्या पेराकडं बघत राहिला.

"एवढ्यात तर माणसं उठून जात्यात," तो म्हणाला. या खेपेला त्याचा आवाज अगदी बारीक होता.

बाहेर बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या. "दादा," कुंडलिकानं हाक मारली. पुन्हा मारली. महिपती बसल्या जागचा हलला नाही. फुलाबाईनं दाराकडं बघितलं, तेव्हा त्यानंही बघितलं.

कुंडलिक आत आला. महिपतीनं तुणतुणं उचलून काखेत घेतलं. "आज पदं तू म्हण. हे मी धरतो."

"मी?" कुंडलिक जागीच थबकला. "आवं, आबासाहेबांनी तुमच्या नावानं सुपारी दिलीया."

कुंडलिकानं वहिनीकडं बघितलं.

"घसा बसलाय त्यांचा," फुलाबाई म्हणाली.

कुंडलिकानं एकदा तिच्याकडं, एकदा भावाकडं बघितलं. हात लांब करून त्यानं महिपतीच्या काखेतली तार छेडली, बारीक आवाजात तिच्याबरोबर गुणगुणला आणि पुन्हा छेडली. "सुरेख लागलीया," तो म्हणाला आणि बैलांकडं गेला.

महिपती गाडीत मागं तोंड करून बसला. गाडी हलली तसं त्यानं वाजवायला सुरुवात केली. दारात उभ्या असलेल्या फुलाबाईकडं त्यानं बघितलं. तिनं मान डोलावली. दहा पावलांवर त्यानं पुन्हा बघितलं. तिनं पुन्हा डोलावली.

गाडी पाटाच्या पुलावर गेली आणि तार ऐकू येईनाशी झाली. तो अजून तिच्याकडंच बघत होता. गाडी उसाच्या आड जाईपर्यंत फुलाबाई मान डोलावत राहिली.