फरशीवरचा वर्ग

खोलीत अठरा बाकं होती. सोळा धड होती, एकाचा पाय आखूड आणि एकाची फळी तडकलेली. सौरभने धड असलेली सोळा बाहेर काढायला लावली आणि दोन ठेवली.

"मुलं खाली बसू देत, मॅडम. मोकळी फरशी दिसली की ते थेट काळजाला भिडतं."

तेजश्रीला हसू आलं. एमएस्सीला असताना तिने सोळा निरीक्षणं अशी बाहेर ठेवली असती, तर सरांनी वही फेकून दिली असती. पण ही प्रयोगशाळा नव्हती. ही तेलुगू मुलखातली, बरकतपुऱ्यातली मराठी शाळा होती. ती इथेच शिकली होती आणि आता इथेच विज्ञान शिकवत होती. पटावर एक्कावन्न मुलं होती. जूनअखेर साठ झाली नाहीत तर मान्यता जाणार, असं शिक्षण खात्याने कळवलं होतं. नऊ मुलं हवी होती.

सौरभ मूळचा पुण्याचा. इथे आयटीत नोकरी करायचा आणि सुटीच्या दिवशी व्हिडिओ काढायचा. त्याचं चॅनल लाखो लोक बघत. शाळेसाठी तो आपणहून आला होता, घरचा डबा बांधून.

"बूटही काढून ठेवू या," तो म्हणाला. "फारच पांढरे आहेत."

मुलांनी बूट काढले. डबे, बाटल्या, रंगीत दप्तरं, सगळं व्हरांड्यात गेलं. तिसरीतल्या गौतमला खिडकीशी बसवलं, कारण त्याचे डोळे मोठे होते.

"टीचर, खाली का बसला म्हणून मम्मीने विचारलं, तर काय सांगू?"

"सांग, शूटिंग होतं."

"मग मी हिरो आहे?"

"हौ रे, तूच हिरो."

सगळा वर्ग हसला. हसणं संपेपर्यंत सौरभने कॅमेरा बंद ठेवला.

एप्रिलच्या शेवटी व्हिडिओ आला. नाव होतं 'उपाशीपोटी पाढे'. गौतम खिडकीबाहेर बघत होता, मागे बासरी वाजत होती, आणि या वस्तीत साधी वहीसुद्धा चैन आहे, असं सौरभचा आवाज सांगत होता. मुख्याध्यापिका अलकाबाईंनी तो दोनदा पाहिला आणि पदराने डोळे टिपले.

"आपलीच शाळा, आणि मलाच रडू आलं गं."

मग फोन सुरू झाले. पुण्याहून, मुंबईहून, एक तर न्यू जर्सीहून. हिमायतनगरच्या एका दुकानदाराने पंखे पाठवले. दोन टेम्पो भरून नवी बाकं आली. शिक्षण खात्याच्या साहेबांनीही व्हिडिओ पाहिला होता. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, की आता नऊ काय, नव्वद येतील.

मे महिन्यात तेजश्री गौतमच्या आईकडे ब्लाउज शिवायला टाकायला गेली. भामाचं काचीगुड्याला शिवणाचं दुकान होतं. तीन मशिनी होत्या, हाताखाली दोघीजणी.

"व्हिडिओ पाहिला का, ताई?"

"पाहिला की. साऱ्यांनीच पाहिला. बिदरहून नणंदेचा फोन आला."

"काय म्हणाल्या?"

"तांदूळ पाठवू का, म्हणाली."

मशिनीवरच्या दोघी हसल्या. तेजश्रीही हसली.

"मोठ्या मनाच्या आहेत."

"हौ. लई मोठ्या." भामाने टेप तिच्या खांद्यावर धरली. "हात जरा वर करा, टीचर."

"आमचे हिरो कुठे आहेत?"

"घरात. गल्लीत खेळायला नक्को म्हणतो."

"ऊनही किती आहे."

"ऊन तर आहेच." भामाने माप खडूने कापडावर टिपलं. "शाळा उघडली की मी स्वतः येते, टीचर. पहिल्याच दिवशी. गल्लीतल्या साऱ्याजणी येतो म्हणाल्यात."

तेजश्रीला भरून आलं. "तुमच्यासारख्यांच्या जिवावरच शाळा उभी आहे, ताई."

"ते खरंय," भामा म्हणाली आणि तिने टेप गुंडाळून ठेवली.

शाळा उघडली त्या सकाळी दारात रांगोळी होती. वर्गांत नव्या लाकडाचा वास होता. अलकाबाईंनी प्रवेशाचे फॉर्म आदल्या दिवशीच छापून आणले होते आणि नव्या मुलांसाठी ताटलीत पेढे मांडले होते.

फाटकाशी माणसं जमू लागली. तेजश्री गच्चीवर गेली आणि तिने वरून मोजलं. आया, बाप, दोन आजोबा. चाळीस माणसं. रांग फाटकाबाहेर वळून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेली होती. कुणीही मूल बरोबर आणलं नव्हतं. पहिला दिवस फॉर्मचाच असतो, मुलं उद्या येतील, असं तिने मनाशी म्हटलं आणि धावत खाली आली.

"बाई, आपल्याला नऊ हवी होती ना? बाहेर चाळीस आहेत."

अलकाबाईंनी भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले. मग चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं.

"सोड आत एकेकाला."

सगळ्यात पुढे भामा होती. ठेवणीतली इरकल नेसून, केस नीट चापून आली होती.

"या, बसा. खुर्च्यासुद्धा नव्या आल्यात."

"उभीच बरी आहे, बाई."

"धाकटीला घालायचंय ना यंदा?" अलकाबाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "नाव सांगा पूर्ण."

भामाने फॉर्मला हात लावला नाही.

"टीसी पाहिजे," ती म्हणाली. "गौतमची."

तिच्या मागच्या बाईनेही टीसीच मागितली. तिच्या मागच्या आजोबांनीही. दुपारी रांग संपली तेव्हा पटावर अकरा मुलं होती.