राणीचा रकाना

वाचकहो, एका अनुदानाच्या अर्जाची आणि त्यातील एका रिकाम्या रकान्याची हकीकत मी आपणांपुढे यथाशक्ती ठेवीत आहे. ती शांत चित्ताने ऐकावी.

“फोटो नही ते अर्ज जावाव नही, बाबा,” जिनल म्हणाली. तिची बोटे संगणकाच्या कळांवर थबकली. समोर बसलेल्या वाहरूने सदऱ्याच्या खिशावर हात दाबून धरला. त्या खिशात एक पाकीट होते आणि पाकिटात तो फोटो होता.

शहाद्याच्या पेठेतील ते कापडाचे दुकान. जिनल ही दुकानाचे मालक पुखराज शेठ यांची नात, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेली. दुकानाच्या एका कोपऱ्यात ती लोकांचे अर्ज भरून देई आणि सल्लाही देई. शेठ तरुणपणी कापडाचे गठ्ठे घेऊन डोंगरातले आठवडी हाट करीत. आता ते गादीवर बसून नवकार मंत्राची माळ ओढीत असत. त्यांचे बोलणे फार कमी झाले होते.

वाहरू काठी गावाकडील डोंगरातून पहाटेच्या एसटीने आला होता. रात्रभर सोंगे घेऊन नाचणाऱ्या त्याच्या सोंगाड्या पार्टीतील पाड्यावरच्या अकरा जणांपैकी तिघे उरले होते. लोककलेचे सरकारी अनुदान मिळाले तर पाड्यावरच्या तरुणांना सोंगे शिकविता येणार होती. न मिळाले तर ती सोंगे या तिघांसोबत मातीत जाणार होती. अर्जाची मुदत आज सायंकाळी पाच वाजता संपत होती.

जिनलने सकाळपासून मनापासून मार्ग दाखविला होता. “‘आम्ही नाचतस’ इतलंच लिखू नका. कोनले शिकाडशात, कितला महिना शिकाडशात, ते सांगा,” असे ती म्हणे. वाहरू सांगे आणि ती शुद्ध मराठीत लिही. एकेक रकाना भरत गेला. ढोलकी : वाहरू. राजा : इंद्रसिंग, हयात नाही. राणीच्या रकान्यापाशी मात्र वाहरू नाव सांगेना. त्याखालचा रकाना जुन्या खेळाच्या फोटोचा होता. गेल्या वर्षी याच दोन रकान्यांपायी अर्ज परत आला होता.

“सकायपासून छातीले हात लाई बठेल शेतस. दुखस का काय?” जिनलने हसून विचारले.

“फोटो शे,” वाहरू खाली पाहत म्हणाला. “पन दखाडाना नही. राणीले बोल दियेल शे.”

पार्टीत स्त्रियांची सोंगे पुरुषच घेत. पार्टीचा एक दंडक होता. राणीचे सोंग घेणाऱ्याचे खरे नाव पार्टीबाहेर उच्चारायचे नाही. एरवी ही गंमतच असे, कारण पाड्याला राणी ठाऊक असायचीच. परंतु वाहरूच्या पार्टीतल्या राणीच्या घरचे लोक कडक होते. बापाला कळते तर घराचे दार त्याला कायमचे बंद झाले असते. म्हणून त्या एका नावासाठी पाड्यावरच्या अकराही जणांनी ढोलकीवर हात ठेवून शपथ वाहिली होती.

वाहरूच्या नेत्रांपुढे ते दिवस उभे राहिले. होळीच्या आधीचा भोंगऱ्याचा हाट. मोहाच्या झाडांखाली माणसांची दाटी. राणी घागरा सावरीत चालू लागली की हाटातल्या बाया आपले चालणे विसरून तिचे चालणे पाहत. सकाळी खेळ संपला की राणी ओढ्यावर तोंड धुवायला बसे. सारा रंग ती घासून काढी. कानामागचा एक ठिपका तेवढा मुद्दाम राहू देई आणि तसाच घरी घेऊन जाई. हाटातल्या फोटोवाल्याने एकदाच तो काळापांढरा फोटो काढला होता. त्याला आता पन्नास वर्षे होत आली होती.

“मंग इतलंच ना?” जिनल म्हणाली. “राणीनं तोंड कापी टाकूत. मोबाईलवर येक मिनिटनं काम शे.”

“राणी कापी टाकी ते पार्टी कसानी, बेटी?”

“मंग राणीले फोन लावूत. इचारी लेऊत.”

“त्यानी पन्नास वरीसमा सोताना तोंडे नाव नही काढं. मी कसा काढू?”

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. वाहरू उठला. त्याने पिशवी खांद्याला लावली. पाड्यावर वाट पाहणाऱ्या दोघा म्हाताऱ्यांना काय सांगावे, ते त्याला सुचत नव्हते. दाराकडे जाताना रीतीप्रमाणे त्याने गादीसमोर हात जोडले.

“निघस, शेठ.”

शेठांची माळ थांबलेली होती. त्यांचा हात कानामागे गेला होता. तेथली सुरकुतलेली कातडी ते एका बोटाने सावकाश चोळीत होते. मग तोच हात त्यांनी वाहरूपुढे पसरला. वाहरू क्षणभर घुटमळला. नंतर त्याने खिशातले पाकीट काढून त्या हातावर ठेवले.

“दादाजी, तुम्हले कसाले जोयजे?” जिनलने विचारले.

शेठ फोटोकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले.

“घागरा हिरवा व्हता,” ते म्हणाले. “याच दुकानना ताका फाडेल व्हता, बापले न सांगता.” त्यांनी फोटो नातीच्या हातात दिला. “लिख, बेटी. राणी : पुखराज.”

एवढे सांगून मी येथे लेखणी खाली ठेवतो. शेवटपर्यंत सोबत केलीत, त्याबद्दल आपणा सर्व वाचकांचा मी ऋणी आहे.

— जगदीश हिलाल पाटील, मु. कोरीट, ता. जि. नंदुरबार