टेनरच आण

डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने मी बायकोला कळू दिले नव्हते. तिने छोट्या गिटारसारखं चार तारांचं ते युकुलेले हवंय म्हटलं, तेव्हा दुकानात मी तासभर घोळ घातला. स्वस्तातलं हातात घेतलं की वाटे, आपण तिचे दिवस मोजतोय. महागातलं नेलं असतं, तर बनियन घेतानाही घासाघीस करणारा नवरा एकदम एवढा उदार कसा झाला, म्हणून तिच्या मनात पाल चुकचुकली असती. शेवटी मधल्या किमतीचं ठरवलं.

"बाईंची बोटं नाजूक असतील तर लहान आकाराचं न्या," दुकानदार म्हणाला. "टेनर त्यांच्या हाताला मोठं पडेल."

बोटं नाजूकच होती. पण "टेनरच आण," असं तिने दोनदा बजावलं होतं, म्हणून मी टेनरच बांधून घेतलं.

घरी तिने ते स्वतः वाजवून पाहिलंच नाही. माझ्या मांडीवर ठेवलं, माझी जाडजूड बोटं एकेक करून तारांवर टेकवली आणि बराच वेळ बघत राहिली.



"बसतात रे नीट," ती म्हणाली. "लहान आणलं असतंस, तर तुला वाजवता आलं नसतं नंतर."