चौथ्या खुंटीवरची रोटी

झारच्या रशियातला बश्कीर जमातीचा पोरगा फौजेतल्या सक्तीच्या चाकरीवर निघाला, की रोटीचा एक घास तोडून जातो. उरलेली रोटी आई भिंतीवर टांगते, परत आल्यावर त्यानंच ती संपवायची. माखुबा म्हातारीच्या भिंतीवर तिघा पोरांच्या रोट्या वाळून दगड झाल्या होत्या, आणि आता धाकट्या इश्बुल्दीला न्यायला गावचाच सरदार येऊन बसला होता.

"आटप, म्हातारे! पोराला घास तोडायला लाव. झारची फौज काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"थांबेल हो. सकाळपासून दारोदार पोरं गोळा करताय, आधी तुम्ही खा."

सरदारानं गरम रोटीचा लचका तोडला, तोच तिनं उरलेली हिसकावून चौथ्या खुंटीला अडकवली.



"इश्बुल्दी, सरदारांच्या घोड्यावर खोगीर चढव रे. या खेपेला आपल्या घरातून ते चाललेत!"