मिठाच्या बरणीतली किल्ली

बरणीत किल्ली नव्हती. म्हाताऱ्या स्तोयनाने कोपरापर्यंत हात घालून मीठ ढवळलं, मग अख्खी बरणीच टेबलावर उपडी केली. सगळं मीठच.

किल्ली बोटभर कुलपाची. पण त्या कुलपाने घर धरून ठेवलं होतं. तिच्या सुनेची, रुमेनाची, दोन बाळं पाचव्या महिन्यात गेली होती. तिसऱ्या खेपेला स्तोयनाने कुणाला विचारलं नाही. तिसरा महिना लागताच उघडं कुलूप सुनेच्या कमरेभोवती तीनदा फिरवलं, पोटासमोर धरून लावलं आणि मेरीमातेच्या तसबिरीमागे ठेवून दिलं. किल्ली मिठात. या डोंगरात पोट टिकत नसलं की असंच करतात. कळा सुरू झाल्या की कुलूप उघडायचं, म्हणजे बाळाला वाट मोकळी. पोट टिकलं, छान टिकलं. आता भरल्या दिवसांवर दहा दिवस झाले आणि बाळ यायचं नाव घेईना, म्हणून आज कळांची वाट न बघता ती कुलूप उघडायला निघाली होती.

सुईणबाई काल तपासून गेली होती. बाळाचे ठोके उत्तम होते. पण उद्या सकाळपर्यंत कळा आल्या नाहीत तर शहरात जाऊन औषधाने आणाव्या लागणार होत्या. "तोवर हिला चालवा जरा," ती म्हणाली होती. "झऱ्यापर्यंत न्या, चढावर चढवा. खाटेला खिळून राहिली तर कसं व्हायचं?" रुमेना मात्र खाली पाय ठेवायला तयार नव्हती. आधीची दोन्ही शहरातल्या त्याच इस्पितळात गेली होती. उद्याचा विषय निघाला की ती भिंतीकडे तोंड करी. कळांसाठी केलेला रासबेरीच्या पानांचा काढा उशाशी तसाच गार होई.

"सकाळी सकाळी मिठात काय पेरतेयस?" स्तोयनाचा मुलगा यासेन दारातून म्हणाला.

"किल्ली गेली रे."

"एवढंच ना? पक्कड आणतो. एका झटक्यात तुटेल."

"हात तर लावून बघ! तोडल्या कुलपाने बाळाचं वाईट होतं. बायकोचं पोट आणि हा पक्कड घेऊन निघाला!"

यासेन पक्कड आणायला गेला नाही. त्याचा यावर विश्वासही नव्हता आणि तोडायची हिंमतही नव्हती.

म्हातारीने पदर खोचावा तसा एप्रन आवळला. किल्ली सापडेल तेव्हा सापडेल, बाकीचं घर तरी उघडू. बाळंतपण अडलं की घरात काही बंद ठेवत नाहीत. तिने खिडक्या उघडल्या, पेट्या उघडल्या, तळघर उघडलं. कोबीच्या पिंपाचं झाकण काढलं. यासेनच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, त्याच्या ट्रकची दोन्ही दारं सताड उघडी केली. प्रत्येक खणात हात घालून किल्लीही शोधली. गोठा उघडला तेव्हा शेळ्या अंगणात आल्या, आणि पुढचं दार सताड उघडं बघून एक तर थेट चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"आता हिलाही खुर्ची द्या," यासेन म्हणाला.

स्तोयनाला हसू आलं नाही. दुपार कलली होती. आपल्या हाताने लावलं आणि आपल्याच हाताने किल्ली घालवली, हे तिला गिळवत नव्हतं. बाळाला काही झालं तर या पोरीला तोंड कसं दाखवायचं?

ती रुमेनाच्या खोलीत गेली. एप्रनची गाठ सोडून तो खुंटीला टाकला. पडद्याची दोरी सोडली. सुनेच्या झग्याचा बंद सोडला. मग तिची नजर वेणीवर गेली. जाड, घट्ट वेणी, पंधरा दिवसांत फणी न लागलेली.

"केसांना हात नको, आई."

"अगं, गाठ ती गाठ. वेणीसुद्धा सोडायची असते."

"राहू द्या म्हटलं ना!"

रुमेना कधी आवाज चढवणाऱ्यातली नव्हती. म्हातारीने हात मागे घेतला. मग खाटेच्या कडेला बसली आणि लहान मुलीचे सोडतात तसे, हलक्या हाताने पेड सोडवू लागली. रुमेनाने डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या पेडात बोटांना काहीतरी गार लागलं. किल्ली स्तोयनाच्या मांडीवर पडली. किल्लीवर अजून मीठ होतं.

"ती दोघं बाहेर आली आणि गेली," रुमेना डोळे न उघडता म्हणाली. "हे आत आहे तोवर आहे ना, आई?"

स्तोयनाला दिवसभर साठलेलं काही बोलायचं होतं, ते सगळं विरून गेलं. कुलूप लावताना तिने बाळाचा विचार केला होता. पोरीचा केलाच नव्हता. तिने उठून तसबिरीमागचं कुलूप आणलं आणि सुनेच्या हातात दिलं. किल्लीही दिली.

"लावलं मी. पण उघडायचं तूच. नाही उघडलंस तरी मी इथेच बसणार आहे."

रुमेनाने किल्लीवरचं मीठ अंगठ्याने पुसलं. मग तिने किल्ली फिरवली. बारीकसा आवाज झाला, आणि तिच्या पोटावर, झग्याखालून, इवलीशी टाच वर आली. दोघींनीही पाहिली. टाच डावीकडून उजवीकडे सरकत गेली, सावकाश, आपली वाट आपल्याला ठाऊक असल्यासारखी. म्हातारीने आयुष्यात बारा बाळंतपणं पाहिली होती, पण या वेळी तिचा हात आपोआप छातीवर क्रॉस काढू लागला.

रुमेनाने खाटेची कड घट्ट धरली. कपाळावर घाम फुटला. कळ ओसरल्यावर तिने दहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून पाय जमिनीवर टेकवले आणि सासूच्या खांद्याला धरून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "पुढचं दार उघडं आहे ना?"